विल्फ हेब्डनचे हात

आमच्या थॉर्नबी गावात माणसांपेक्षा घोड्यांची विचारपूस जास्त होते आणि घोड्यांपेक्षा पैजांची. विल्फ हेब्डनच्या वाट्याला जे आलं, ते दुसऱ्या गावात आलंच नसतं.

जवानीत विल्फ आमच्या कपच्या शर्यतीत कितीतरी पुढे होता. जॉकी इतका पुढे असला की घोडा दामटावा लागत नाही. तो लगाम सैल सोडतो, हात खाली घेतो आणि आरामात शर्यतीचा शेवटचा खांब ओलांडतो. अशा जिंकण्याला पैजवाले 'हँड्स डाउन' म्हणायचे. विल्फनंही हात खाली घेतले, फक्त खांबाच्या थोडं आधी. घोड्याला वाटलं, सुटलो एकदाचा! तो रमतगमत चालायला लागला आणि मागून कुणाच्या खिजगणतीत नसलेला एक घोडा नाकभर पुढे निघून गेला. अख्ख्या गल्लीची पैज विल्फवर होती. माझी आई तर मरेपर्यंत त्याला नावं ठेवत होती.

त्यानंतर त्याला शर्यतीसाठी कुणी घोडा दिला नाही. तबेल्यात खरारा करण्यात जन्म गेला. एवढ्यावर भागलं असतं, पण 'हँड्स डाउन' हा मेला शब्द त्याची पाठ सोडेना. पैजवाल्यांच्या तोंडून तो केव्हाच वर्तमानपत्रात गेला होता आणि तिथून घराघरात. ज्यांनी जन्मात घोड्याला हात लावला नाही, तेही केकच्या स्पर्धेत कुणी सहज जिंकलं की 'हँड्स डाउन' म्हणतात. आमच्या पाद्रीबाबांनी तर भर प्रवचनात सांगितलं, देवानं सैतानाला हँड्स डाउन हरवलं! झालं. सगळ्या माना विल्फकडे वळल्या. तो टोपी उचलून निघून गेला आणि पुन्हा चर्चकडे फिरकला नाही. मला त्या पाद्रीबाबांचा अजून राग आहे.

मग एका उन्हाळ्यात जत्रेसाठी म्हाताऱ्या जॉकींची शर्यत ठरली. विल्फ तणतणत माझ्या पावाच्या दुकानात शिरला. मागोमाग त्याची बायको डोरीन.

"ऐकलंस का, हिल्डा? हिनं माझं नाव दिलंय!"

"दिलंय. मग?" डोरीन म्हणाली.

"अगं, लोकांना हसायला आयतं निमित्त!"

"एरवी काय रडतात? पाठीमागे हसतात, ते एकदा तोंडावर हसू देत."

"आणि पुन्हा तसंच झालं तर?"

डोरीन माझ्याकडे बघायला लागली. मीच म्हटलं, "तर नवीन काही झालं नाही म्हणायचं. पाव घे आणि नीघ."

दारातून तो वळला. "मला तो खांब एकदा सगळ्यांच्या आधी ओलांडायचाय गं. बस, एकदाच."

शर्यतीच्या दिवशी त्याला जिंजर नावाची खादाड, म्हातारी घोडी मिळाली. मी देवाचं नाव घेतलं आणि तिच्यावर पैज लावली. शेवटच्या वळणावर बाकीचे धापा टाकायला लागले आणि जिंजर एकटी पुढे आली. खूप पुढे. आणि एकदम सगळं मैदान गप्प झालं, कारण ती जुनी जागा आली होती.

"हात वर ठेव रे, गाढवा!" आमचा बुकी पर्सी ओरडला. विल्फ जिंकला तर त्याचंच दिवाळं निघणार होतं, तरी ओरडला.

विल्फ घोडीच्या मानेवर वाकून दोन्ही हातांनी तिला पुढे रेटत होता. खांब आला. खांब गेला. आम्ही टोप्या उडवल्या, नाचलो, एकमेकांच्या गळ्यात पडलो. विल्फ मात्र रेटतोच आहे! चहाचा तंबू गेला, बँडवाले गेले. शेवटी पलीकडच्या कुंपणाशी जिंजरला गवत दिसलं आणि ती आपण होऊन थांबली.

आम्ही धावत पोचलो. विल्फ अजून समोर बघत होता, हात तसेच वर.

"खांब गेला का?" त्यानं विचारलं.

"केव्हाच गेला, राजा," डोरीन म्हणाली. "आता घे हात खाली."

पण त्याची बोटं लगामावरून सुटेनात. डोरीननं ती एकेक करून सोडवली.