कोबादचा भोंगा

माझा धाकटा भाऊ कोबाद म्हणजे आमच्या कोयरा गावचा, नदीकाठाने वादळाची दवंडी देणारा माणूस. अंगात पिवळा कोट, हातात भोंगा. आवाज असा की बांधावरच्या म्हशीसुद्धा मान वळवत. स्वारी स्वतःवर फार खूश असे, आणि थोरली बहीण म्हणून मीही कौतुक करत असे.

दवंडी तो मशिदीपाशी द्यायचा, बाजारात द्यायचा. घरोघरी जाणं त्याला पटत नसे. घरात पुरुष नसताना परक्याच्या अंगणात पाय कसा टाकायचा? बायकांना त्यांचे नवरे सांगतील, म्हणायचा.

त्या वादळात तो दिवसभर ओरडला. संध्याकाळी आश्रयघर भरलं. लोक दारातच त्याची पाठ थोपटत होते, तेव्हा मी विचारलं, "मोर्जिना कुठाय रे?" त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोला आणायचं तो विसरला होता, आणि त्याच्याशिवाय तिने उंबरा ओलांडायचा नाही हा त्याचाच नियम. तोवर बांध फुटला होता. बाहेर पडायची सोय नव्हती.

सकाळी तो शेजारच्या तिघांना घेऊन नावेतून गेला. भोंग्यातून हाका मारमारून परतला आणि मान खाली घालून बसला. कुणी ओ देत नाही, संपलं सगळं, म्हणाला. माझं डोकंच फिरलं. एक साडी काखोटीला मारली आणि म्हटलं, पुन्हा चला, आणि आता तोंड बंद ठेवा.

घराचा नुसता चौथरा उरला होता. मी हाक मारली, तशी मागच्या चिंचेतून ओ आली. "बुबु, आधी त्यांना तोंडं फिरवायला सांगा." थोरली नणंद म्हणून मोर्जिना मला बुबु, म्हणजे ताई म्हणायची.

पाण्याने तिच्या अंगावर चिंधी ठेवली नव्हती. नवऱ्याच्या हाका तिने ऐकल्या होत्या. पण नावेत परके पुरुष, म्हणून ती फांदीला चिकटून गप्प राहिली होती.

साडी गुंडाळून, माझ्या खांद्याचा आधार घेत ती नावेत आली. कोबाद तिच्याकडे बघेना. शेवटी पुटपुटला, "दवंडी तर ऐकली असशील. सगळ्यांनी निघा म्हणून घसा फोडत होतो."

"ऐकली की. पण सगळ्यांत मी पण येते का?"

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. लाजेने माझी मान खाली गेली, आणि कोबादने भोंगा नावेच्या तळाशी सारून दिला.