झोपायची सायकल

साध्या सायकलीवर बसणारा माणूस घाबरला की पुढं झुकतो. या सायकलीवर घाबरल्यावर मागं टेकायचं असतं. शिकायचं एवढंच होतं आणि त्यात माझा पावसाळ्यानंतरचा सगळा काळ गेला.

सायकल माझ्या धाकट्या भावानं बनवली. उद्यमनगरात त्याची वेल्डिंगची शेड आहे. मानेच्या मणक्यात गॅप निघाल्यावर डॉक्टरांनी माझी जुनी सायकल बंद केली. हातांवर भार टाकून वाकायचं नाही, दुचाकीवर मागं बसायचं नाही, बसमध्ये वरचा दांडा धरून उभं राहायचं नाही. राहिली नवऱ्याची चारचाकी. नवरा कारखान्यात शिफ्टला जातो. त्याची शिफ्ट बदलली की शाहूपुरीतल्या माझ्या दुकानाची वेळ बदलायची. मी शिलाई मशीनचे सुटे भाग विकते. गिऱ्हाईक सकाळीच येतं, कारण बॉबिन केस मोडली की शिवणाऱ्या बाईचं दिवसाचं काम अडलेलं असतं. शटर बंद दिसलं की ती पुढच्या दुकानात जाते आणि पुन्हा तिकडंच जाते. दोन महिने हे बघून नवरा म्हणाला, गाळा भाड्यानं देऊन टाकू. तो काळजीनंच बोलत होता. मला मात्र गाळा द्यायचा नव्हता.

भावानं मोबाईलवर ही सायकल दाखवली. माणूस आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसलेला, पाय समोर लांब, पेडल पुढच्या चाकाच्याही पुढं. मान सरळ, हातांवर काही भार नाही.

"आक्का, ह्यात काय न्हाय," तो म्हणाला. "पाइप वाकवायचा आन् चेन लांब करायची."

त्यानं पाइप वाकवला, तीन चेन जोडून एक केली, प्लॅस्टिकच्या खुर्चीचं बैठक-पाठ कापून बसवलं आणि पाठ मागं लवू नये म्हणून तिच्यामागं एक आडवा पाइप जोडला. पाइप चांगला भक्कम होता. त्याच्याबद्दल आम्ही कुणीच पुन्हा विचार केला नाही.

शिकायला दूध संस्थेच्या मागचं मैदान होतं. सकाळी दूध घालून परतणारी माणसं किटल्या ठेवून बघत उभी राहायची. पहिल्या आठवड्यात मी जितकी चालवली त्याहून जास्त आडवी झाले. सायकलीची उंची कमी असल्यामुळं लागायचं नाही, फक्त कोपर सोलायचं. एका म्हातारबांनी रोज विचारायचं ठरवलंच होतं: "वैनी, उशी न्हाय आणली व्हय आज?" मी त्यांना सांगितलं, तुम्ही आणा, मी पांघरूण आणते. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं, बघणं सोडलं नाही.

गोम निघताना होती. एक पाय वर पेडलवर, दुसरा जमिनीवर, आणि एकाच जोराच्या दाबात सायकलीला वेग मिळाला पाहिजे. दाब कमी पडला की हँडल थरथरतं, ते थांबवायला हात आवळले की आणखी थरथरतं. हात सैल सोडून खांदे खुर्चीला लावले की आपोआप सरळ जाते. मैदानावर हे जमलं. चढावर कधी केलं नाही, कारण मैदानाला चढ नव्हता.

नवऱ्यानं अट घातली. मैदानावर हवं ते कर. रस्त्यावर एक सकाळ मी मोटरसायकलवर मागं राहीन. घरापासून दुकानापर्यंत न पडता गेलीस तर रोज जा. रस्त्यावर एकदा जरी पडलीस तर सायकल शेडला परत आणि गाळा भाड्यानं. मी हो म्हणाले. मैदानावर कोपर सोलतं, शहराकडं जाणाऱ्या हुपरी रस्त्यावर डोकं जाईल, हे मलाही कळत होतं.

एक गोष्ट राहिली होती. मी इतकी खाली असणार की मोठ्या गाडीवाल्याला दिसणारच नाही, म्हणून मागं उंच काठी आणि तिच्यावर काहीतरी फडकायला हवं होतं. भगवं लावलं तर मिरवणुकीतली समजतील, निळं लावलं तर सभेला निघालेली, हिरवं लावलं तर उरसाला. आमच्याकडं रिकामा रंग कुठलाच नाही. शेवटी स्वयंपाकघरातलं चौकड्यांचं फडकं लावलं. त्यावर कुणाचा दावा नव्हता.

ठरलेल्या सकाळी निघाले. ऊस तोडीचे दिवस. रस्त्यावर पाचट पडलेलं, दवानं ओलं आणि निसरडं. खालून रस्ता वेगळाच दिसतो. कुत्र्याचं तोंड आपल्या तोंडासमोर येतं, गाड्यांचे सायलेन्सर कानाशी येतात. मागं वळून बघता येत नाही. उजव्या हाताला एक आरसा होता, त्यात नवऱ्याचं हेल्मेट दिसत होतं. तो दिसतोय तोवर ठीक, असं मी धरून चालले होते. हुपरीकडून येणारी एसटी शेजारून गेली तेव्हा तिच्या वाऱ्यानं सायकल हातभर डावीकडं सरकली. मी खांदे टेकले. सरळ झाली.

मग पुलाचा चढ आला.

चढावर साध्या सायकलीवर उभं राहून पाय मारता येतात, इथं उठताच येत नाही. मी गिअर हलका करून कडेकडेनं, पायी चालणाऱ्याच्या वेगानं चढत होते. मागून ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या ऊस, गाणी फुल्ल आवाजात. तो मला ओलांडून पुढं गेला, पण चढानं त्याचाही दम काढलेला. दुसऱ्या ट्रॉलीचं मागचं चाक माझ्यापुढं पाच-सहा हातांवर फिरत होतं. ते माझ्या डोक्याइतकं उंच होतं. ट्रॉली मागून डोलत होती, कधी कठड्याकडं, कधी उलट. मी ठरवलं, हिला जाऊ द्यायचं. पाय आणखी हळू केले.

तेवढ्यात पाठीला धक्का बसला.

सायकल माझ्या पायांशिवाय पळायला लागली. आरशात नवरा नव्हता. एक गुडघा होता आणि एक चप्पल घातलेला पाय. बंद पडलेल्या मोटरसायकलला दुसरा मोटरसायकलवाला मागून पाय लावून पंपापर्यंत नेतो, तसा कुणीतरी मला नेत होता. पाय खुर्चीमागच्या त्या आडव्या पाइपवर बरोबर बसला होता.

"पाय काढा," मी ओरडले.

"घाबरू नका मावशी, मी हाय की." आवाज अगदी मायेचा होता. त्यानं आणखी जोर लावला.

चाक जवळ आलं. खाली लोंबणारं उसाच्या शेंड्यांचं वाडं माझ्या हेल्मेटला घासलं. डावीकडं कठडा, उजवीकडं ट्रॉली, मध्ये एक सायकल कशीबशी मावेल एवढी पट्टी आणि ती पट्टी ट्रॉली डोलेल तशी कमी-जास्त होत होती. ब्रेक दाबला असता तर मागून जोर चालूच राहिला असता आणि सायकल आडवी होऊन मी चाकाकडं गेले असते. पुन्हा ओरडले. गाण्यात काही ऐकू गेलं नाही.

हात आवळले गेले होते. हँडल थरथरायला लागलं होतं. ते मला दिसत होतं आणि हात सुटत नव्हते.

त्याचा पाय पाइपवरून सुटायचा एकच मार्ग होता. त्याच्यापेक्षा जोरात जायचं. ट्रॉलीपासून लांब व्हायला आधी तिच्याकडंच जायला हवं होतं. मी खांदे खुर्चीत दाबले, बोटं उघडली आणि दोन्ही पायांनी होता नव्हता तेवढा जोर मारला. चाकाचा डांबरावर चिकटून सुटणारा आवाज मला वेगळा ऐकू आला. मग पाठीवरचा दाब एकदम गेला. मी दोन्ही ब्रेक दाबले.

सायकल कठड्याला घासून थांबली. डावा पाय जमिनीवर टेकला होता. ट्रॉली पुढं निघून गेली.

मोटरसायकलवाला शेजारी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, मागं दुधाचे कॅन बांधलेले. "चेन पडली व्हय? सोडतो की शाहूपुरीपर्यंत," म्हणाला. सायकल बिघडलेली नाही आणि ती अशीच असते, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. "मला वाटलं अपंगाची गाडी हाय, चढानं अडकली," असं म्हणून तो काहीसा नाराजच झाला.

एवढ्यात नवरा पोहोचला. दूधवाला आमच्या मध्ये घुसल्यामुळं त्याला मागं राहावं लागलं होतं आणि सगळं त्यानं मागून पाहिलं होतं. तो दूधवाल्याला जे बोलला ते मी लिहीत नाही. दूधवाला गेल्यावर तो माझ्याकडं न बघता सायकलीच्या मागं जाऊन उभा राहिला.

"पडले नाही," मी म्हणाले. "पाय टेकलाय फक्त."

 मला वाटलं, आता टेम्पो बोलावणार. त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्या भावाला लावला.

"पावणं, त्या खुर्चीच्या मागं आडवा पाइप हाय बघा. त्यावर माणसाचा पाय बसतोय. संध्याकाळी घिऊन येतो, तो तिथनं हालवा. आन् मागं सामानाची जाळीची बुट्टी लावा, कुणाला पाय ठेवायला जागा ऱ्हायली न्हाई पायजे."

फोन ठेवून त्यानं विचारलं, "चढावरनं निघायला जमंल का?"

"केलेलं नाही कधी."

मी सायकलीवर बसूनच राहिले. आणखी एक ट्रॅक्टर जाऊ दिला. मग उजवा पाय पेडलवर ठेवला. त्याचा हात खुर्चीच्या पाठीकडं आला.

"हात लावू नका," मी म्हणाले.

त्यानं हात मागं घेतला. मी पाठ टेकली आणि दाब दिला. हँडल थरथरलं, दोन वेळा कठड्याकडं गेलं, आणि मग वेग मिळाला तशी सायकल चढायला लागली. आरशात हेल्मेट परत आलं होतं. मी त्याच्याकडं फार बघितलं नाही, पुढं उतार होता.