कडेचा हिरवा वाफा

चितेगावच्या पुढं आमचं संशोधन शेत आहे. ज्वारीचा कुठला वाण पाण्यावाचून तग धरतो, हे तिथं आम्ही तपासतो. पूर्वी उन्हात फिरून पानांना गुण द्यायचो. तिघं फिरले की तीन निकाल! मग सिल्लोडच्या मका व्यापाऱ्याची संगणक शिकलेली मुलगी आमच्यात आली. तिनं ड्रोनचे फोटो दाखवून कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवलं, की दाणा भरताना ज्याची पानं जास्त दिवस हिरवी राहतात, तो वाण दुष्काळात टिकणारा.

आमच्या साहेबांना हे सगळं थोतांड वाटायचं. "यंत्राचा पहिला नंबर बरोबर निघाला तर पुढच्या हंगामातही काम चालू. नाय तर मॅडम, तुम्ही आपल्या मक्याकडं परत!"

निकाल लागला. पहिला नंबर कडेच्या वाफ्याचा! साहेब खुर्चीतून उसळलेच. त्यातला वाण सगळ्यांत आधी वाळतो. आम्ही तो नुसता तुलनेसाठी लावतो.

"बघा, वर्गातला ढ पोरगा बोर्डात पहिला!"

तिचा चेहरा पडला. पण म्हणाली, "साहेब, एकदा शेतात जाऊन बघू." मीही निघालो. असा फुकटचा खेळ सोडणारा मी नव्हे.

फेब्रुवारीचं ऊन. सगळी ज्वारी पिवळी पडलेली आणि कडेला तो एकच वाफा हिरवागार! ती ताटांमध्ये शिरली आणि मान वर करून बघतच राहिली.

"साहेब, याची कणसं कुठंयत?"

खरंच की! एकाही ताटाला कणीस नाही. दाणा भरायचं कामच उरलं नाही, म्हणून ती ताटं लग्नातल्या बिनकामाच्या पाहुण्यासारखी टवटवीत. यंत्रानं हिरवं पाहिलं, हिरवं सांगितलं. कणीसही बघ, असं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"चोरी!" साहेब गरजले. "कोण घुसलं होतं इथं?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. मी सावकाश घसा खाकरला.

"साहेब, जानेवारीत तुमचे व्याही आले होते."

"मग?"

"हुरडा भाजला होता. तुम्हीच म्हणालात, कडेच्या वाफ्यातली कणसं मोडा, तो काय कामाचा नाय."

साहेबांनी आभाळाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "तुम्हीबी खाल्ला होता ना?"

"व्हय साहेब. चटणी-गुळासोबत लई खाल्ला."

"मला कुणी बोलावलंच नव्हतं," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. साहेबांनाही आवरलं नाही.

"यंत्राला कणसं ओळखायला शिकवा," ते डोळे पुसत म्हणाले. "पुढच्या हंगामात तेच काम."

यंदा हुरड्याची ज्वारी विहिरीपाशी वेगळी पेरली. हुरडा भाजायच्या आगटीजवळ पहिलं बोलावणं तिलाच. साहेबांनी स्वतः गरम कणीस चोळून हुरडा तिच्यापुढं धरला.

तिनं हात मागं घेतला. "आधी सांगा साहेब, कुठल्या वाफ्यातला?"