आमच्या गायरानावरची येळवस

अन्याय झाला तो आमच्या गावच्या धनगर म्हातारीवर. कधी, तेही सांगतो. जगातली दुसरी मोठी लढाई संपली त्या सालच्या येळवशीला, भर दुपारी, सगळ्या गावादेखत. गाव तेव्हा जेवत होतं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस राहत नाही. ज्याच्या त्याच्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी राहते, आंबील, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे डोक्यावरून रानात जातात आणि वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. हाक आली की नाही म्हणायचं नाही. लहानपणी मला ही रीत फार चांगली वाटायची.

निजामाच्या मुलखातल्या वाशीच्या अलीकडं आमचा माळ. गावचं गायरान. खाली मुरूम, वर जेमतेम वीतभर माती. ढोरांनी तो खरवडून टाकला होता. कुसळ आणि तरवडाशिवाय तिथं काही उगवत नव्हतं. म्हातारीनं आणि तिच्या भावकीनं तो पुन्हा उभा केला. नाल्याकाठी उरलेल्या पवन्या गवताचं बी झोडलं, लेंडीखतात कालवलं आणि पावसाच्या तोंडावर माळभर फेकलं. गवताचं बी गळेपर्यंत स्वतःची मेंढरं आत सोडली नाहीत, दुसऱ्याची ढोरं सोडू दिली नाहीत. "तुज्या बापाचा माळ हाय का?" म्हणून गुराख्यांनी शिव्या दिल्या, तिनं त्यांच्याहून सरस परत केल्या. तीन पावसाळ्यांत गवत कमरेला लागलं. तणमोर आला, गवतातून उंच उडी घ्यायचा तेव्हाच दिसायचा. चंडोल आले, लावे आले, काळविटांचा कळप आला. शेजारच्या शिवारात ज्वारीचे कोंब नाकतोडे कुरतडायचे, तेही कमी झाले, कारण पाखरं दिवसभर तिथंच टिपत फिरायची. हे गावानं डोळ्यांनी पाहिलं. वैरणीचे भारे गावानंच घरी नेले. एवढं ध्यानात ठेवा.

मग दसऱ्याच्या आधी पाटलानं माळात नांगर घातला. "सरकारला धान्य पायजे," म्हणाला. हुकूम कुठाय विचारलं तर म्हणे तोंडी आहे. गाव चिडलं. चावडीपुढं माणसं घसा फुटेस्तोवर ओरडली. मी तेव्हा सोलापुरात पत्रकं लिहायला शिकून आलो होतो. एक खरमरीत पत्रक लिहून चावडीच्या भिंतीला डकवलं. सगळे म्हणाले, जमिनीच्या तपासणीचा साहेब येऊ द्या, एका तोंडानं सांगू.

पाटील कुणाशी भांडला नाही. त्यानं येळवशीला त्या नांगरल्या माळावर कोप बांधली आणि घरोघर हाक पाठवली.

सकाळी माझे वडील पटका बांधत होते.

"अण्णा, तुमी कुठं निघालाव?"

"पाटलाच्या रानात."

"त्याचं रान कधी झालं ते?"

"येळवशीची हाक हाय. मोडली तर वरीसभर लोकास्नी तोंड कसं दावू? तू बस कागदं चिकटवत. खळ संपली असंल तर आंबील आणतो थोडी."

सगळे गेले. धनी आपल्या रानाला शिंपतो त्या रीतीप्रमाणं पाटील आंबिलीचा लोटा घेऊन कडेकडेनं शिंपत निघाला आणि मागून गाव "चांगभलं" म्हणत चाललं. चोरीची हद्द आमच्याच गावानं पायांनी आखून दिली.

म्हातारी कडेला मेंढरं धरून उभी होती.

"ये गं, बस," पाटील म्हणाला. "लक्ष्मीचा दिस हाय, उपाशी जाऊ नगंस."

"माज्या गवतावर बसून मलाच वाढणार व्हय, पाटील?"

पंगतीतून एकजण खिदळला, "आजी, भज्जी लई झ्याक झालीया. तुज्या गवतापरीस ग्वाड."

"खा बाबा. म्होरल्या साली तुज्या बैलाला बी भज्जीच घाल."

पंगत हसली. हसून पुन्हा जेवू लागली.

पुढं काही दिवसांनी तपासणीचा साहेब घोड्यावरून आला. माळ कुणाचा, त्यानं विचारलं. पाटलानं गावाकडं बोट केलं. "साहेब, ह्यांनाच इचारा. काय रं, येळवशीला कुणाच्या रानात जेवलाव?"

कुणी मान वर केली नाही. वडिलांनीही नाही. गायरान आहे, गायरान आहे, म्हणून मी ओरडलो. "ये लौंडा कौन है?" साहेब म्हणाला, आणि वडिलांनीच मला दंडाला धरून मागं ओढलं. ही माणसं एका वाडग्याच्या आंबिलीला जागली. ज्या गवतावर त्यांची ढोरं जगली, त्याला जागली नाहीत.

पुढच्या दोन पावसांत माती नाल्यात गेली. मुरूम उघडा पडला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. तणमोर परत आला नाही, नाकतोडे आले.

आता निजाम गेला. पाटलानं टोपी बदलली, नांगर तोच ठेवला. झेंडावंदनाला पुढं तोच उभा राहतो आणि मागं तेच गाव. म्हातारी अजून नाल्याकाठचं बी झोडते, राखेत घालून गाडग्यात ठेवते. पाटलाचे गडी तिला माळावर पाय ठेवू देत नाहीत. बी जुनं झालं की उगवत नाही, आणि म्हातारीही रोज थकतेय.

तुमच्याही गावाला माळ होता. यंदा त्यावर कुणाची तरी कोप उभी राहील आणि तुम्हाला हाक येईल. जाऊ नका. पाय निघालेच, तर घास मोडण्याआधी सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारा, हे रान कुणाचं? उत्तर येणार नाही. मग पंगतीतून उठा, नांगर बाहेर काढा आणि तुमच्याकडच्या म्हातारीचं गाडगं फोडून ते बी माळावर फेका. उपाशी राहिलात तरी चालेल.