अवधाणाच्या गाठी आणि आबा

दादा, ब्याऐंशी साली आबांना न्यायला मी मुंबईहून आले आणि लांज्याला आम्ही एस.टी.त बसलो, तेव्हा तू खिडकीखाली उभा होतास. आई म्हणाली, "बाय, तू नर्स हायस. नेतेस तशे परत आन." मी मान हलवली खरी, पण नर्स होते म्हणूनच पोटाच्या कॅन्सरची धास्ती जास्त होती.

मुंबईत डॉक्टर म्हणाले, जठराबरोबर भोवतालच्या आणि जरा लांबच्याही लसिकाग्रंथी काढू. ऑपरेशन लांबेल, धोका वाढेल, पण आजार तिथं दडला असेल तर निघेल. पाच वर्षं पार पडली की बहुतेक जिंकलो. मी हुशारी दाखवत आबांना समजावलं, "पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तसल्याच गाठी."

झालं! आबा उठून बसले. "अवधान आपसूक बसता. त्याला सुरी कशाला?" दोन दिवस त्यांनी ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर अंगठा दिला नाही. माझाच शब्द माझ्या अंगाशी आला होता. रडू येत होतं आणि रागही.

तिसऱ्या सकाळी चहा पाजताना मी भडकलेच. "आबा, नाचणीतला लव्हाळा तुम्ही नुसता वरून उपटता?"

"खुळी काय तू? खालच्या गाठी ऱ्हायल्या तर पुन्ना उगवतो..." त्यांनी माझ्या हातातला कप बाजूला सारला. मग म्हणाले, "कागुद आन."

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये लांबच्या दोन गाठींत कॅन्सर निघाला. त्या आत राहिल्या असत्या तर? तो कागद मी वॉर्डातच पुन्हा पुन्हा वाचला.

तपासण्यांसाठी आबा माझ्याकडे भांडुपला राहिले, मागोमाग आईही आली. परातभर भात जेवणारा माणूस दिवसातून सहा वेळा वाटीभर पेज पिऊ लागला. 'चेकअप', 'एक्स-रे' असे शब्द तोंडात बसले. चाळीच्या नळामागे त्यांनी अळू लावलं आणि शेजाऱ्यांना दमात घेऊन सांभाळलं.

परवा पाच वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, जिंकलात! आता खुशाल गावाला जा." दादा, तुला काय वाटेल कोण जाणे, पण मला हसू आवरेना. बाहेर येऊन मी विचारलं, "आबा, लांज्याचं तिकीट काढू ना?"

"गनपतीला जाऊ की," ते म्हणाले, आणि टॅक्सीत बसून ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "भांडुप. घरी जायाचा हाय."