राखीव नमुना

एक चिठ्ठी भरायला मला एकोणीस दिवस लागले. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मी बत्तीस वर्षं मालाची पारख केली, सीझनमध्ये दिवसाला शंभर-शंभर चिठ्ठ्या भरल्या, कुणाच्या बापाला भ्यालो नाही. पण ह्या एका चिठ्ठीने माझं खाणंपिणं गोड लागू दिलं नाही. आता ती भरून झाली, ज्या हातात जायची त्या हातात गेली, आणि मी सुटलो. हायसं वाटणं म्हणजे काय, ते मला साठी उलटल्यावर कळलं.

माझं काम आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. धानाचा ट्रक आला की मी परखी घेऊन जायचो. परखी म्हणजे टोकदार पोकळ लोखंडी नळी. पोत्यात खुपसली की मूठभर दाणे तळहातावर येतात. वर, मधे आणि तळाशी अशा तीन ठिकाणी मारायची. दाणा दाताखाली फोडायचा, ओला की वाळला ते कळतं. मग चिठ्ठी भरायची: ओलावा किती, तुटका दाणा किती, कचरा किती, आणि खाली शेरा, पास नाहीतर फेल. त्याच मालाची एक पुडी बांधून, वर सही करून कपाटात ठेवायची. तिला आम्ही राखीव नमुना म्हणायचो. मालावरून वाद झाला तर तो मिटेपर्यंत ही पुडी फेकायची नाही, असा नियम होता.

रिटायर झालो तेव्हा कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा घरी आणला. त्याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आमची एकुलती एक मुलगी पुण्याला असते, लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. घरी येते तेव्हा वाचून झालेली पुस्तकं तिच्या खोलीत टाकून जाते. सगळ्या फँटसी कादंबऱ्या आणि चित्रकादंबऱ्या, काही मराठी, काही हिंदी, थोड्या इंग्रजी. वर्षभर मी त्यांच्याकडे नाक मुरडून पाहिलं. मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी पेपर वाचून संपला, लाइट गेलेली होती, आणि मी पहिलं पुस्तक उचललं. आज चाळीसेक झाली असतील. प्रत्येकात माझी चिठ्ठी आहे.

माझी मतं मिलमधली आहेत, ती मी लपवत नाही. फँटसी कादंबरीच्या सुरुवातीला नकाशा असतो. त्यात डोंगर, काळं जंगल, राक्षसाचा किल्ला, सगळं असतं. मी आधी शेत शोधतो. लाखाची फौज सहा महिने चालत जाते आणि कुठे एक चूल पेटत नाही! तांदूळ कोण पिकवतं, कोण कांडतं, कोण वाहतं? तीन-तीन भागांची एक कादंबरी मी ह्याच कारणासाठी फेल केली. शेरा लिहिला, "सैन्य उपाशी आहे, लेखकाला माहीत नाही."

दुसरं म्हणजे तो निवडलेला मुलगा. जन्मतःच त्याच्या कपाळावर खूण असते, कुणीतरी हजार वर्षांपूर्वी भविष्य सांगून ठेवलेलं असतं, आणि बाकी सगळे त्याच्यासाठी मरायला तयार. अशा ठिकाणी माझं डोकं फिरतं. जन्मावरून माणूस लहानमोठा ठरवायची गोष्ट आमच्या घरात माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच संपली. ती मला अजगरावर बसवून परत विकू नका.

चांगलीही पुस्तकं निघाली, आणि ती वाचताना मी जेवायला उठलो नाही हेही कबूल करतो. एकात जादू करणाऱ्या बाईला प्रत्येक मंत्रामागे एक ओळखीचा चेहरा विसरावा लागतो. शेवटी ती गाव वाचवते आणि गावात तिच्या ओळखीचं कुणी उरत नाही. हा माल वाळलेला, खणखणीत. त्यावर मी "पास" लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

चित्रकादंबऱ्यांनी मात्र मला फजीत केलं. पहिली मी पंचवीस मिनिटांत संपवली आणि लिहिलं, "माल हलका." बायको अंगणवाडीत होती, तिचा जन्म मुलांना चित्रं दाखवण्यात गेलेला. तिने ते पुस्तक हातात घेतलं. जाळं विणणाऱ्या एका म्हातारीची गोष्ट होती. आठ पानं नुसते हातच होते. बायको प्रत्येक पानावर थांबत गेली. "हे पाहा जी, इथं बोट कापलं आहे तिचं. मागच्या पानावर नव्हतं," ती म्हणाली. "अक्षर नाही म्हणून पान उलटवता का? चित्र हळू पाहा लागते." मी ती चिठ्ठी फाडून नवी भरली. पण सवय काही गेली नाही. नवं पुस्तक आलं की वाचण्याआधी मी परखी मारायचोच. वर, मधे, तळाशी, तीन ठिकाणी उघडून पाहायचं.

गेल्या महिन्यात कुरिअरने एक पाकीट आलं. आत मुलीची स्वतःची चित्रकादंबरी होती, नुकतीच छापून आलेली. पहिल्या पानात माझीच एक कोरी चिठ्ठी, मागच्या खेपेला गठ्ठ्यातून नेलेली. मागे लिहिलं होतं, "बाबा, चिठ्ठी भरा. सूट देऊ नका. मी वीस दिवसांनी येते आहे, तेव्हा हातात हवी."

मी सवयीने परखी मारली. सुरुवातीला उघडलं तर खाटेखालचा रिकामा खोका, आणि त्यात वाकून पाहणारी शाळेच्या ड्रेसमधली मुलगी. मधे उघडलं तर एक राक्षस, अंग कागदाच्या चिंध्यांचं, खांद्यांवर धानाचा कोंडा. तोंड मात्र माझं. तीच जाड मिशी, तोच डाव्या भुवईवरचा व्रण. तो मुलीवर ओरडत होता आणि त्याच्या दातांत पुस्तकाचं पान अडकलं होतं. शेवटाकडे उघडलं तर एक माणूस पाठ फिरवून, रिकाम्या हातांनी निघून जाताना दिसला. तीन ठिकाणी परखी मारून झाली. मी पुस्तक मिटलं. फेल झालो होतो तो मीच.

तो रिकामा खोका मला माहीत होता. ती दहावीत होती. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून आणलेल्या कॉमिक्सनी आणि परीकथांच्या पुस्तकांनी तो खोका भरलेला असायचा. गणिताच्या चाचणीत ती नापास झाली आणि माझा तोल गेला. माझ्या वडिलांनी बिडीच्या कारखान्यात पानं कापत जन्म काढला, तिशीत विहारातल्या वर्गात बसून ते अक्षरं शिकले. पुस्तक म्हणजे आमच्या घरात वर चढायची शिडी. शिडीवर कुणी चित्रं काढत बसत नाही, असं मी तिला ओरडून सांगितलं. ती शाळेत गेल्यावर रद्दीवाल्याला बोलावून अख्खा खोका देऊन टाकला. संध्याकाळी तिने खाटेखाली पाहिलं. हात धुऊन जेवायला बसली, मागून भाजी घेतली. मला तेच फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलला जायच्या आधी मी रद्दीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "वो माल तो कल ही निकल गया, भाऊ. आलूबोंडे वाले ले गए, पुड़िया बाँधने. बाकी उधर पड़ा है, देख लो." मी गुडघे टेकून त्या ढिगात अर्धा तास शोधलं. सुटी पानं होती, फाटकी, तेलकट. अखेर एकच कॉमिक सापडलं, वरचं कव्हर गेलेलं. ते मी तिला द्यायला हवं होतं. पण बापाने चूक कबूल करायची कशी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते मिलच्या कपाटात राखीव नमुन्यांमागे ठेवलं. रिटायर झालो तेव्हा घरी आणलं आणि माझ्या पेटीत टाकलं. हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. आणि मुलीने त्या खोक्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी समजत होतो की विसरली.

त्या पाकिटानंतर दिवस कसे गेले ते मलाच माहीत. पोरीने आपल्याला राक्षस करून छापलं, गावोगावची माणसं ते विकत घेऊन वाचणार, ह्याचं दुःख होतंच. पण खरी धास्ती वेगळी होती. तिने खरं तेच काढलं असेल तर मी काय लिहू? खोटं कधी लिहिलं नव्हतं, आणि खरं लिहायचं म्हणजे "माल पास, राक्षस हुबेहूब" असं लिहावं लागणार होतं. फोनवर ती विचारायची, "वाचून झालं का?" मी म्हणायचो, डोळ्यांत पाणी येऊन राहिलं, थेंब टाकून राहिलो. बायकोने मात्र पुस्तक दोन दुपारी बसून संपवलं आणि कपाटावर ठेवून दिलं. मी विचारलं, कसं आहे? म्हणाली, "तुमी वाचा."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी चहा देताना तिने विचारलंच. "उद्या पोरगी येऊन राहिली. काऊन वाचत नाही तुमी?"

"पाहिलं मी," मी म्हणालो. "तीन ठिकाणी पाहिलं."

"बोऱ्यातला दाणा दुसऱ्या दाण्याले ओळखत नाही जी. तिथं तीन ठिकाणी पाहून चालते. पुस्तकातलं पान मागच्या पानाले ओळखते. पहिल्यापासून वाचा, अन् हळू पाहा."

मी अंगणात खुर्ची टाकली. गोष्ट अशी होती: एका गावात आकाशातून कोंडा पडतो. तिथल्या मुलीची पुस्तकं नाहीशी होतात आणि ती त्यांच्या मागे रद्दीच्या नगरात जाते. तिथे विकली गेलेली पुस्तकं आपापली गोष्ट विसरत चाललेली असतात. त्या नगरात माझ्या तोंडाचा राक्षस हिंडतो. तीस पानं ती त्याला भिऊन पळते. पण मी ह्या वेळी प्रत्येक चित्रावर थांबत होतो, आणि थांबल्यावर दिसलं की राक्षस पानं खात नाही. तो प्रत्येक पान हुंगतो, त्याच्यावरचा कोंडा फुंकतो आणि बाजूला नीट रचतो.

मग ते पान आलं. सकाळची वेळ, भिंतीला टेकवलेली सायकल, रद्दीचं दुकान. ढिगासमोर गुडघे टेकून बसलेला राक्षस. आणि समोरच्या आलूबोंड्याच्या गाड्यामागे दप्तर पाठीला लावून उभी असलेली मुलगी. ट्यूशनला जायचा तिचा रस्ता तोच होता, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं. आठ चित्रांत एकही शब्द नाही. चित्रागणिक राक्षसाच्या अंगावरची एकेक चिंधी गळते, शेवटी माणूस उरतो. तो उठतो आणि पाठ फिरवून रिकाम्या हातांनी निघून जातो. त्याखाली एकच ओळ आहे: "मी त्याला हाक मारली नाही."

तिने पाहिलं होतं. इतकी वर्षं तिला माहीत होतं. मी अंगणात बसून रडलो, शेजाऱ्याच्या देखत. आधी सुटल्यासारखं वाटलं, मग लाज वाटली, मग पुन्हा सुटल्यासारखं वाटलं. बायको दारात येऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "झालं ना जी? आता नाश्ता करा."

दुपारी मी चिठ्ठी भरली. सूट दिली नाही. सुरुवातीच्या वीस पानांत अक्षर फार, चित्राला बोलू दिलेलं नाही. कोंडा जास्त पडला आहे, एवढ्या कोंड्यात माणूस श्वास घेऊ शकत नाही, मी घेतला आहे म्हणून सांगतो. आई फक्त दोन चित्रांत आहे आणि दोन्हीकडे तिच्या हातात पळी आहे. ही तक्रार आईची. शेरा: पास. त्याखाली दोन रेघा. आणि एक दुरुस्ती.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीने आली. बॅग ठेवली नाही तोच हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. ती उभ्या-उभ्या वाचू लागली, कोंड्यापाशी हसली, आईच्या पळीपाशी आईकडे पाहिलं, मग शेवटच्या ओळीवर थांबली. तिथे मी लिहिलं होतं, "पान एकशे बारा चुकलं आहे. त्याचे हात रिकामे नव्हते. राखीव नमुना सोबत जोडला आहे."

मी पेटीतून ते कव्हर नसलेलं कॉमिक काढून तिच्यासमोर ठेवलं. कोपऱ्यावरचा तेलाचा डाग अजून तसाच होता. तिने पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"हे सापडलं होतं तुमाले? मग मले देलं काऊन नाही, बाबा?"

"देता आलं नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं. तेव्हाच चुकलं."

तिने नाक पुसलं, खाली सतरंजीवर बसली, बॅगेतून स्वतःची प्रत आणि पेन्सिल काढली आणि पान एकशे बारा उघडलं.

"कोणत्या हातात होतं?"

"डाव्या," मी सांगितलं. "उजव्यानं सायकल धरली होती."