व्याह्यांना हसवायचं काम

देवगाव फाट्याजवळच्या मळ्यात मांडवाखाली दोनशे माणसं पत्रावळीपुढं बसली होती. वाढलेलं वरण निवत चाललं होतं. नवरदेवाचे वडील मात्र आतल्या खोलीत तोंड फिरवून बसले होते. लग्न लागलं, पण व्याही रुसले. ते पंगतीला बसल्याशिवाय कुणी घास उचलणार नव्हतं.

मी नकलाकार. म्हणजे कुणाचं बोलणं-चालणं उचलून लोकांना हसवणारा. परभणीच्या क्लबात दर शनिवारी माझा प्रोग्राम असायचा. आधी उर्दूत हसवायचो. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, साहेब बदलले, तसा मराठीत हसवायला लागलो. क्लबाचे सेक्रेटरी एक वकीलसाहेब होते, आणि लग्न त्यांच्याच मुलीचं होतं.

त्यांनी मला बाजूला घेतलं. "गणपत, आमी पाया पडलो, दुसरा फेटा बांधला. काई केलं तरी ऐकंनात. रुसलेला माणूस हसला की रुसवा सरला, अशी आमच्यात रीत हाय. तू हसव."

"आन् न्हाई हसले तर?"

"तर शनिवारी क्लबात येऊ नको."

त्या प्रोग्रामवर माझं घर चालायचं.

खोलीत गेलो. तहसीलदाराची नकल केली, खटारा मोटारीची केली, बायकोला भिणाऱ्या हवालदाराची केली. खिडकीतून बघणारे हसून लोळले. व्याह्यांचे ओठ घट्ट मिटलेले. आता, आमच्या धंद्यात माणसाचं तोंड नीट बघायला आधी शिकतात, नकल तिथूनच उचलायची असते. मी बघितलं तर यांचे खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि एक हात जबड्याखाली धरलेला होता. रुसलेला माणूस असा नसतो.

मी दार लोटून घेतलं. "मालक, दात दुखायलेत का?"

त्यांनी तोंडापुढं उपरणं धरलं. "दातच न्हाईत रे. नवी कवळी हाय, हैदराबादची. लय सैल झाली. हसलं की पडती, चावलं की पडती. व्याह्याच्या पंगतीत पडली तर जन्मभर सांगत बसतील."

"मग रुसलात कशाला?"

"न जेवायला दुसरं काय कारण सांगू?"

मला त्यांची दया आली. "नुसता शिरा खा. मी शेजारी बसतो. काई झालं तर मी हाय."

ते उठून मांडवात आले. वकीलसाहेबांचा जीव भांड्यात पडला. सगळं नीट पार पडलं असतं, पण नवरीच्या मामाला लहर आली. "गणपत, तो हवालदार पुन्हा होऊ दे."

मी बसल्या बसल्या हवालदाराची नुसती मान हलवली. व्याही खो खो हसले, आणि कवळी थेट समोर तूप वाढणाऱ्या वकीलसाहेबांच्या भांड्यात पडली.

मी भांड्यात हात घातला आणि कवळी उचलून खिशात टाकली. "माफ करा, माझी हाय. नकलेसाठी बाळगतो."

"शुभकार्यात तुपात दात टाकतोस?" वकीलसाहेब लालबुंद झाले. "नीघ इथून. क्लबात पाय ठेवू नको."

मी उपाशीच निघालो. क्लबातलं काम गेलं, आणि खरं सांगायची सोय नव्हती. रस्त्याला लागलो तर मागून धपधप पावलं आली. व्याही होते, फेटा सुटलेला, हात उष्टा, तोंड मिटलेलं. त्यांच्यामागं वकीलसाहेब आणि अर्धी पंगत. तेव्हा मला आठवलं, कवळी अजून माझ्याच खिशात होती. व्याह्यांना तोंड उघडता येईना. ते हात जोडायचे, माझा खिसा धरून ओढायचे, पुन्हा हात जोडायचे.

वकीलसाहेबांना वाटलं, गणपतला हाकललं म्हणून व्याही जेवण टाकून त्याची समजूत काढायलेत. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनीही हात जोडले. "चुकलं माझं, बाबा. परत चल. शनिवारी क्लबातबी ये."

मी कडेच्या दगडावर तोंड फिरवून बसलो. लगेच उठलो असतो तर रुसवा कसला? चांगल्या तीन विनवण्या करून घेतल्या, मग उपरण्याआडून कवळी मालकांच्या हातात दिली आणि मानाच्या पाटावर बसून जेवलो.

पुढं पुष्कळ वर्षं क्लबात लोकांना हसवलं. पण एवढा मान मला रुसल्यावरच मिळाला.